न जोडलेली माणसं

वडवणी, जि. बीड
बाजाराचा दिवस

प्रिय सौ. तेजश्री,

‘सौ.’ लिहिलं आणि जरा थांबलो. बजरंग गेल्यावर तुझ्या नावानं जी पाकिटं यायची त्यांवर ‘श्रीमती’ असायचं, आणि पोस्टमन वळला की तुझी आत्या, सासू असूनही, ती पाकिटं धान्याच्या पोत्याखाली सारून द्यायची, तुझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. आता मी माझ्या हातानं ‘सौ.’ लिहितोय. हे लिहायला मिळावं म्हणून मीच तुझ्या वडलांकडं चार चकरा मारल्या. आष्टीचं स्थळही मीच काढलं. शहादेवरावांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाईक होऊन गेलतो, हाताखालच्या माणसावर ओरडतात का ते बघायला. नाही ओरडले. जळकी मोटार नेली होती, ती भरून दिली, अजून चालतीय. सुनेचं दुसरं लग्न सासऱ्यानं लावलं म्हणून गावात लोकांनी मला मोठा माणूस करून टाकलं. मी मोठा बिठा काही नाही, ते या पत्रात कळेलच.

आम्ही बरे आहोत. पत्रात असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. आत्याचा उजवा गुडघा सुजलाय, पण दवाखान्याचं नाव काढलं की ती माझ्याच अंगावर येते. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. तू लावलेल्या कढीपत्त्यावर कीड पडली होती, राख टाकली तशी गेली. हरिओमची छोटी सायकल मी आठवड्याला पुसतो. आत्या म्हणते, कावून पुसता, हाय कोन बसायला? मी म्हणतो, गंज चढतो.

तू श्रावणात पाठवलेला कागद मिळाला. म्हणजे तेव्हाच मिळाला, तीन महिने झाले. फोनवर तू एकदाही विचारलं नाहीस आणि मीही ‘तिकडं पाऊस कसा हाय’ यापलीकडं गेलो नाही. वकिलानं टाइप केलेला कागद. शहादेवराव हरिओमला दत्तक घेत आहेत, यापुढं शाळेत आणि आधारवर त्याचं नाव हरिओम शहादेव गावडे राहील, याला आम्हा आजा-आजीची हरकत नाही. खाली दोन जागा, एक माझ्या सहीची, एक आत्याच्या अंगठ्याची. सोबत तुझी चिठ्ठी. ती मी इतक्यांदा वाचली की पाठ झालीय. ‘मामा, हरिओम हजेरीला हजर म्हणत नाही. पूर्ण नाव घेतलं की खाली बघतो. बाई दोनदा हाक मारतात आणि मग गैरहजर मांडतात. पोरं विचारतात, तुझे पप्पा तर शहादेव, मग हा बजरंग कोण? आता मार्गशीर्षात घरात दुसरं लेकरू येईल. दोघांची नावं वेगळी पडली तर हा जन्मभर सांगत बसेल. तुम्हाला पटत नसेल तर सही करू नका, मी परत विचारणार नाही.’

शेवटची ओळ तू लिहायला नको होतीस. इतकी भली वागलीस की माझ्या रागाला टेकायला जागा उरली नाही. तरी राग आला. लई आला.

तुला ठाऊक आहे, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी हजेरी पूर्ण नावानं घेतली. बाकीचे मास्तर नंबरावर उरकायचे, एक, दोन, तीन, जशा काही गोण्या मोजतायत. मी म्हणायचो, लेकराच्या कानावर दिवसातून एकदा तरी बापाचं नाव पडलं पाहिजे आणि त्याला त्यानं ताठ मानेनं ओ दिली पाहिजे. बजरंग माझ्याच वर्गात होता. ‘बजरंग सुंदरराव यमगर’ म्हणताना मला स्वतःचंच नाव घ्यावं लागायचं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. तुझं आष्टीला लग्न झाल्यावर हरिओम दीड वर्ष आमच्याकडं राहिला, पहिली इथंच केली, तेव्हा त्याच्या बबिता मॅडम माझ्याच हाताखाली शिकलेल्या, त्यांनीही तशीच हजेरी ठेवली होती. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी रोज अकराच्या सुमाराला शाळेच्या भिंतीला सायकल टेकवून उभा राहायचो. आतून आवाज यायचा, ‘हरिओम बजरंग यमगर’, आणि आपलं पोरगं खच्चून ओरडायचं, ‘हजर!’ तेवढं ऐकून मी घरी यायचो. तेजश्री, बजरंगचं नाव रोज मोठ्यानं घेणारं जगात तेवढं एकच ठिकाण उरलं होतं. घरात आम्ही ते नाव घेत नाही. आत्या घेत नाही मला त्रास होईल म्हणून, मी घेत नाही तिला होईल म्हणून. मृत्यूच्या दाखल्यावर आहे, पण दाखला काही हाक मारत नाही. पोरगं आष्टीला आलं तरी तिथल्या हजेरीत ते नाव होतं, आणि तू मला तेच काढून टाकायला सांगत होतीस.

त्या रागात मी काय केलं ते सांगतो. सांगायची लाज वाटते.

बजरंगचा सेवा केंद्रावरचा कॉम्प्युटर त्याच्या भागीदारानं, प्रविणनं, घरी आणून दिला तो तुझ्यासमोरच. लोकांना जातपडताळणीला वंशावळ लागते म्हणून बजरंगनं त्यात घराण्याची झाडं करायचा प्रोग्रॅम घेतला होता, आणि हात बसावा म्हणून पहिलं झाड आपलंच केलं होतं. मी रिटायर झाल्यावर मला तोच नाद लावून दिला. त्याच्या फायलीत एक झाड यमगरांचं, लग्नाच्या रेघेनं तुझं माहेर त्याला जोडलेलं. दुसरं झाड अगदी वेगळं, कशालाच न जोडलेलं, माझ्या वडलांच्या मेंढरांचं! तुला आठवत असेल. माझे वडील सुग्रीव यमगर अंगठेबहाद्दर, पण सव्वाशे मेंढरांत कुठलीही मेंढी दाखवा, तिची आई कोण, तिच्या आईची आई कोण, तोंडपाठ. चांदीची मोरी, मोरीची बांडी, बांडीची बुची. मलाही ते लहानपणी पाढ्यासारखं यायचं. मी म्हणत गेलो आणि बजरंग त्या मेंढ्यांचे चौकोन मांडत गेला. प्रोग्रॅम दर वेळी विचारायचा, वडिलांचं नाव? बजरंग म्हणायचा, आता याला कुठल्या एडक्याचं नाव सांगू! तू केंद्रावर चहा घेऊन आलीस आणि तिघंही पोट धरून हसलो. बापाचे सगळे चौकोन रिकामे राहिले.

या दोन झाडांशिवाय एक यादी होती, ‘न जोडलेली माणसं’ नावाची. ज्यांचं नाव माहीत पण कुणाचे कोण ते माहीत नाही, अशांची. त्यात हनुमान होता. माझ्या लहानपणी एका दुष्काळात आमच्या मेंढरांमागं चालत आला आणि वीस वर्षं आमच्यात जेवला. गाव विचारलं की म्हणायचा, ‘लांब हाय.’ गेला तेव्हा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी बजरंगला म्हणालो, याला पुसून टाक, हा आपला कोण लागतो? तर तो म्हणाला, ‘दादा, मानूस पुसायचं न्हाई. जोड सापडंस्तोर सुटा ठिवायचा.’ बापाला शिकवत होता बेटा.

तर तुझा कागद आला त्या दुपारी मी तुला आमच्या झाडातून काढायला बसलो. होय, तुला. म्हटलं, हिला आमचं नाव नको ना, मग आमच्यात हिचा चौकोन तरी कशाला? तुझ्याबरोबर हरिओम जाईल हे डोक्यातच आलं नाही, राग म्हणजे राग. चष्मा कपाळावरच राहिलेला. चौकोनावर टिचकी मारली. प्रोग्रॅमनं इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं, मी न वाचता हो म्हटलं. त्यानं परत विचारलं, मी परत हो म्हटलं. चौतीस वर्षं पोरांना सांगितलं, प्रश्न आधी पुरता वाचा रे, आणि मास्तरानंच वाचला नाही. स्क्रीन हलली. बघतो तर तू जागच्या जागी, तुझ्याखाली हरिओम, आणि शेजारचा चौकोन गायब. मी टिचकी तुझ्यावर मारलीच नव्हती, बजरंगवर मारली होती. तो मधून निघाला तशी तू आणि हरिओम तुझ्या माहेरासकट सुटून बाजूला गेलात, तुमचं वेगळं झाड झालं. आमच्या झाडात मी आणि आत्या, आणि खाली काहीच नाही. बजरंग कुठं गेला म्हणून अर्धा तास शोधत होतो. सापडला तो त्या यादीत. ‘हनुमान, गाव माहीत नाही.’ त्याच्याखाली, ‘बजरंग सुंदरराव यमगर.’ ना आई, ना बाप, ना बायको, ना लेकरू.

तुला तोडायला गेलो आणि पोराला तोडून बसलो. तेजश्री, मी रडलो. डेंगूनं सहा दिवसांत पोरगं नेलं तेव्हा चार लोकांत आवरलं होतं, ते त्या दिवशी आवरलं नाही. परत जोडायचा धीर होईना, आणखी कुणाला तरी तोडून बसलो असतो. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. तुझा कागद माझ्या जुन्या पाठटाचणांच्या गठ्ठ्यात खुपसला, आत्याच्या हाताला लागू नये म्हणून. आणि तीन महिने तुझ्याशी पावसाच्या गप्पा मारल्या.

दिवाळीच्या बाजारात मला मंगल भेटली. तू तिला ओळखत नाहीस. तिसरीला माझ्या वर्गात होती, पहिल्या ओळीत बसायची. तिच्या आईनं दुसरं घर केलेलं, पण पटावर नाव पहिल्या नवऱ्याचं. मी पूर्ण नाव घेतलं की ही खाली बघायची. मी दोनदा हाक मारायचो आणि गैरहजर मांडायचो. समोर बसलेल्या लेकराला, तेजश्री! माझा हट्ट, बापाच्या नावाला ओ दिलीच पाहिजे. चौथीला ती शाळेत आलीच नाही. आता बाजारात बांगड्या विकते. मला बघून उठली, पाया पडली, सर म्हणाली. मला राहवलं नाही. म्हटलं, पोरी, तू हजर का म्हणत नव्हतीस? ती हसली आणि म्हणाली, ‘सर, रोजची भाकर ज्यो घालत व्हता त्योच माझा बाप. त्या दुसऱ्या नावाला ओ दिली आसती तर घरचा बाप खोटा पडला आसता.’ एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरायला लागली. मी तिच्याकडून आत्यासाठी डझनभर घेतल्या. हिरव्या. दुसरं काय करणार होतो?

घरी येऊन पाठटाचणांचा गठ्ठा सोडला. कागद काढला. खालच्या जागेवर अंगठा उठलेला होता. निळ्या शाईचा, ठसठशीत.

मी आत्याकडं बघितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. भाद्रपदातच तिला कागद सापडला होता. प्रविणला बोलावून तिनं तो वाचून घेतला, त्याच्याच पेनातली शाई बोटाला लावून अंगठा दिला आणि होता तिथं परत ठेवून दिला. दोन महिने माझ्या सहीची वाट बघत होती आणि तोंडातून एक शब्द नाही. मी म्हटलं, सांगायचं तरी. तेव्हा तुझी आत्या, आमची साखराबाई, बोलली. पंचेचाळीस वर्षांत माझ्याशी इतकं सलग बोलली नसेल. म्हणाली, ‘तुमच्या बापानं कवा दुधावरलं कोकरू मागं ठिवलं व्हतं का? बाजारात मेंढी दिली की तिचं कोकरू तिच्यामागं जायचं. त्याचं मोल न्हाई धरायचं, त्याला दावं न्हाई लावायचं. मेंढीची ही रीत, आन आपुन तर लेक म्हनून दिली. मंग कोकरू कावून धरून बसलाव?’ आणि सूप घेऊन आत गेली. आत जाऊन रडली, ते मला ऐकू आलं. मी गेलो नाही. दोघं एका जागी रडलो असतो तर उठवायला तिसरं कुणी नव्हतं.

तिचं खरं होतं. वडील मेंढी विकायचे तेव्हा कोकराची किंमत सांगायचे नाहीत. गिऱ्हाईक विचारायचं, पिल्लाचे किती? वडील म्हणायचे, ते तिचं हाय, माझं न्हाई. आणि मेंढी दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे.

परवा प्रविणला बोलावलं. आधी त्यानं बजरंगला माझ्या आणि आत्याच्या खाली जोडलं. रेघ आली तेव्हा आत्या जवळ येऊन उभी राहिली, तिला वाचता येत नाही, तरी बोट ठेवून म्हणाली, ह्योच ना? मग प्रविणनं विचारलं, वहिनीला कुठं ठेवू? मी म्हटलं, आमच्याखालीच, लेक म्हणून. तो म्हणाला, सर, मग वहिनी बजरंगची बहीण व्हईल की! बऱ्याच दिवसांनी घरात हसू झालं. म्हणून तुला शहादेवरावांशेजारी ठेवलं, तुझ्याखाली हरिओम, आणि येणाऱ्या लेकराचा एक चौकोन. प्रविण म्हणाला, हरिओमला दोन्ही बाप जोडता येतात, जन्माचाही आणि दत्तकाचाही. मी नको म्हटलं. उद्या कुणी ती फाईल उघडली तर त्याला परत सांगत बसायला नको, हा कोण आणि तो कोण. गावड्यांचं झाड त्याच फायलीत आहे, पण वेगळं, आमच्याला न जोडलेलं. यमगरांचं झाड बजरंगपाशी थांबतं. त्याच्याखाली रेघ नाही. बघवत नाही, पण आहे ते असं आहे. फक्त हरिओमच्या चौकोनात शेरा लिहायला जागा असते तिथं मी एक ओळ टाकलीय. ‘जोड ठाऊक आहे. लेकरानं विचारलं तर जोडावी.’ आणि आम्ही दोघं गेल्यावर फाईल तुझ्याकडं द्यायची असं प्रविणला सांगून ठेवलंय.

सही केली. कागद या पाकिटातच आहे, आत्याच्या अंगठ्याच्या वरच्या जागेत माझं नाव आहे. तेवढ्यासाठी पत्र लिहायची गरज नव्हती, कागद पाठवला असता तरी तुला सगळं कळलं असतं. पत्र लिहिलं ते एका तारखेसाठी. शाळेच्या पटावर नवं नाव कधी चढणार ती तारीख मला कळव. त्या दिवशी बाई पहिल्यांदा ‘हरिओम शहादेव गावडे’ म्हणतील. हरिओमला सांग, आजोबांनी सांगितलंय, मान वर करून ओरडायचं, आवाज भिंतीबाहेर गेला पाहिजे. आणि त्याच्या आदल्या दिवशी अकरा वाजता मी इथं ओट्यावर बसून जुन्या नावानं शेवटची हजेरी घेणार आहे. ‘हरिओम बजरंग यमगर.’ आत्याला म्हटलं, तू हजर म्हण. ती म्हणाली, माझ्यानं न्हाई व्हायचं. नसू दे. पद्धतीप्रमाणे मी दोनदा हाक मारीन, जरा थांबेन, आणि पट मिटीन.

तुझाच,
मामा